लेखणीवरचा संसार

ऐन आषाढात गगनबावड्याला गेले की दोन गोष्टींची खात्री असते. पाऊस थांबणार नाही आणि हॉटेलातला चहा संपणार नाही. परवा स्टँडजवळच्या अशाच एका हॉटेलात बसलो होतो. बाहेर धुके असे की समोर उभी असलेली एस. टी. दिसेना. तेवढ्यात जुन्या ओळखीचे एक तात्या छत्री मिटत आत आले. मागोमाग त्यांची मुलगी. मराठी घेऊन एम. ए. झालेली. तिच्या चार-सहा कथा दिवाळी अंकांतून छापून आलेल्या. तात्यांनी बसता बसताच तक्रार मांडली, ‘‘सर, हिला जरा समजावून सांगा. पतसंस्थेत नोकरी मिळतीया, तर ही म्हणते नको, लेखकच व्हायचंय. लिहून कुठं पोट भरतंय?’’

तीस वर्षे मी लेखणीवरच संसार रेटला. तरी उत्तर चटकन सुचेना. कारण प्रश्न एकट्या तात्यांचा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले. पण या अभिजात भाषेत लिहिणाऱ्याची चूल कशी पेटते, असे विचारले की सगळे एकमेकांकडे बघू लागतात.

गंमत अशी की हा प्रश्न विचारायला बावड्यासारखे ठिकाण नाही. हे पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचे गाव. याच घराण्यातल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ आहे, १७१५ च्या सुमाराचा. आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेच्या झाडांना हात लावू नये, इथपर्यंतचा बारकावा त्यात आहे. हे लिहिणारा माणूस पेशाने लेखक नव्हता. राज्याचा हिशेब सांभाळता सांभाळता जे कळले, ते त्याने लिहिले.

पुढच्या काळातही वेगळे काय घडले? इथून घाट उतरला की सिंधुदुर्ग. त्या जिल्ह्यातल्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे मास्तर होते. मास्तरकी करतानाच त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, १९३६ मध्ये मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ची कथा लिहिली आणि मग ते कोल्हापूरला आले. मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ मध्ये त्यांच्याच ‘ययाति’ने मिळवून दिले. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांनी कथा लिहिल्या, आकाशवाणीत नोकरी केली, पाठ्यपुस्तकांचे काम केले, चित्रपट लिहिले आणि कथाकथनाने गावोगावची मैदाने भरवली. जगदीश खेबुडकर तर शिक्षकी सांभाळून शेकडो चित्रपटगीते लिहीत राहिले. यांच्यापैकी कुणी केवळ पुस्तकांच्या मानधनावर घर चालवले, असे म्हणता येईल का?

गगनबावड्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तो खाचरात भात लावतो, वरकस जमिनीत नाचणी करतो, पाण्याची सोय असेल तिथे ऊस करतो आणि दारात म्हैस बांधतो. एक बुडाले तर दुसरे तारते. लेखनाचेही तेच. कथा हे भात. मनाला तेच लागते. पण भाषांतर, पाठ्यपुस्तके, मालिकांचे संवाद, ऑडिओबुकसाठीचे लेखन, माहितीपटाची संहिता ही नाचणी आणि म्हैस. त्यात कमीपणा कसला?

आता या शेतात नवा पाहुणा शिरला आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता. जाहिरातीचा मजकूर, माहितीपत्रक, सरधोपट भाषांतर ही कामे संगणक क्षणात करून देतो. नवशिक्यांची पहिली कमाई नेमकी याच कामांतून होत असे, म्हणून धोका खरा आहे. पण घाट बंद पडला की घाटमाथ्यावरच्या चहावाल्याच्या घरात संध्याकाळी काय बोलणे होते, हे त्या यंत्राला कोण सांगणार? तिथे जाऊन बसणाराच ते लिहू शकतो. पुढच्या काळात लेखकाचे भांडवल भाषेइतकेच त्याच्या पाहण्यात असेल.

एवढे झाल्यावर मुलीने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. तिच्या एका कथेवर कुणाला वेबमालिका करायची होती. रक्कम पतसंस्थेच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. खाली बारीक अक्षरात ओळ होती : सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे.

मला माझा जुना कागद आठवला. नव्वदच्या दशकात मीही अशीच सही केली होती. ती मालिका वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दाखवली गेली, माझ्या पदरात एक पैसा पडला नाही. कागद न वाचण्याची चूक माझीच होती.

वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला पुष्कळ दिले आहे. लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे हक्क टिकतो. हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनात वाटा दिला. पण ‘कायमचे’ या शब्दाखाली आपणच सही केली, तर पाच वर्षांची ती सवलत कामाला येत नाही.

‘‘मग आता काय म्हणता? लेखक व्हावं का नको?’’ तात्यांनी विचारले.

म्हटले, ‘‘तात्या, नोकरी घेऊ दे तिला. पतसंस्थेच्या खिडकीपाशी अख्खा तालुका येतो, कर्जासकट आणि अडचणींसकट. तिथं बसून ती जे बघेल ते शहरातल्या लेखकाला मिळायचं नाही. पण रोज पहाटे दोन तास लिहायचे. ते तुम्ही मोडायचे नाहीत. लेखनाची मिळकत सलग दोन वर्षं पगाराला गाठेल, त्या दिवशी तिनं नोकरी सोडली तर तुम्ही अडवायचं नाही.’’

तात्या बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘दोन वर्षं म्हणालात न्हवं? चालतंय.’’

मुलीने माझ्याकडे पेन मागितले. मला वाटले, सही करते की काय. तिने ‘कायमचे’ या शब्दावर काट मारली, वर ‘पाच वर्षे’ असे लिहिले आणि कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला.