खिडकीखालचं पाणी कोण पुसतं?



या अंकाचं संपादकीय खिडक्यांवर आहे हे पाहून काहीजणी पान उलटतील. पोटगीचे अर्ज, सातबाऱ्यावरचं नाव, दारूबंदीचे ठराव एवढं सगळं पडलेलं असताना ही खिडकी कुठून आली? तर ती आली आंबवड्याहून.

गेल्या पावसाळ्यात भोर तालुक्यातल्या आंबवड्याला आपल्या एका कार्यकर्तीच्या घरी बैठक होती. नागेश्वराच्या देवळामुळे आणि संस्थानकाळातल्या झुलत्या पुलामुळे हे गाव पुष्कळांना माहीत आहे. पावसाळ्यात तिकडे गेलेल्यांना ते पावसामुळेही लक्षात राहतं. बैठकीचा विषय पोटगीचा होता. पण निम्मं लक्ष खिडकीकडे. नव्या घराला नवी, पांढरीशुभ्र, प्लास्टिकच्या चौकटीची सरकती खिडकी. तिच्या खाली तीन फडकी, एक जुनी गोधडी आणि एक पातेलं. आमची मैत्रीण बोलता बोलता उठायची, फडकं पिळायची, परत येऊन बसायची. तासाभरात सहा वेळा उठली. “मिस्त्रीला फोन केलाय, पाऊस उघडला की येतो म्हणाला,” सासूबाई म्हणाल्या. पाऊस उघडल्यावर गळकी खिडकी बघायला येणाऱ्या मिस्त्रीवर सगळ्या हसल्या, आणि मग एकेक जण सांगू लागली. माझी सरकतच नाही. माझीची मूठ नुसती गरगर फिरते. माझ्या झडपेचा कोपरा खाली घासतो, रात्री कडी लागत नाही म्हणून मी खुर्ची लावून झोपते.

आमच्यातली एकजण लग्नाआधी पुण्यात खिडक्यांच्या जुळणीच्या कामावर होती. ती इतका वेळ गप्प होती. ती उठली, डोक्यावर पोतं घेऊन बाहेर गेली, चौकटीची खालची बाजू बोटाने चाचपली आणि तिथूनच ओरडली, “आत्याबाई, सुरी द्या आणि खराट्याची एक हीर द्या!” चौकटीला बाहेरून खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढ्या दोन खाचा होत्या. त्या सिलिकॉनने बुजवलेल्या होत्या. आदल्या वर्षी ‘गळती बंद करायला’ आलेल्या माणसानेच त्या बुजवल्या होत्या आणि त्याचे पैसेही घेतले होते. तिने सिलिकॉन सुरीने खरवडलं, हीर आत घातली, आणि आत साचलेलं पाणी भळाभळा बाहेर आलं. त्यानंतर पातेलं भरलं नाही. काम दहा मिनिटांचं होतं. त्याआधी आमच्या मैत्रिणीने एक अख्खा पावसाळा आणि दुसऱ्याचा अर्धा फडकं पिळण्यात घालवला होता.

हे का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं खिडकीत पाणी शिरलं म्हणजे खिडकी बिघडली. तसं नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत जोराच्या पावसाचं पाणी येणारच. बनवणाऱ्याने ते धरलेलंच असतं. ही चौकट भरीव नसते. आत पोकळ कप्पे असतात आणि मजबुतीसाठी बहुधा जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असते. पन्हळीतलं पाणी तिच्या तळाच्या भोकांतून कप्प्यात उतरतं आणि बाहेरच्या खाचांतून निघून जातं. ही वाट धूळ, मुंग्या, कुंभारीण माशीचं घर, घराला रंग देताना सांडलेला रंग किंवा अतिशहाणा मिस्त्री यांपैकी कशानेही बंद झाली की पाणी तुंबतं आणि आतल्या बाजूने ओसंडतं. म्हणून मृगाआधी एकदा पन्हळ झाडायची, भोकांतून हीर फिरवायची, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का बघायचं. बाहेर पडत असेल आणि तरी भिंत ओली होत असेल, तर दोष चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात आहे. तिथलं जुनं सिलिकॉन पूर्ण काढून, जागा कोरडी करून मगच नवं भरायचं. ओल्यावर भरलेलं टिकत नाही, हे दुकानदार सांगत नाही. आणि भरताना त्या खाचा सोडून भरायचं!

सरकत नाही त्या खिडकीत बहुतेक वेळा कचराच असतो. तो काढूनही जड जात असेल तर झडपेच्या खालची चाकं बघावीत. झडपेच्या कडेला, तळाशी एक छोटं भोक असतं, त्यात चाकाचा स्क्रू. तो फिरवला की झडप त्या बाजूने वर-खाली होते. झडप वर उचलून तिचा खालचा भाग आत ओढला की ती पन्हळीतून सुटते. पण हे एकटीने करू नका. 5 मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, चौकटीचं वजन वेगळं. दोघी हव्यात, आणि वरच्या मजल्यावर असाल तर सगळं काम घराच्या आत उभं राहूनच. खिडकीच्या कट्ट्यावर चढून कोणीही बाहेर वाकायचं नाही.

उन्हाळ्यात अडकणारी खिडकी पावसाळ्यात आपोआप सुटली तर घाबरू नये. हे प्लास्टिक उन्हाने वाढतं. सहा फुटांची चौकट 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ 4 मिलिमीटर लांबते. म्हणूनच ती भिंतीत सिमेंटने ठासून बसवायची नसते, थोडी मोकळी ठेवून ती फट सिलिकॉनने झाकायची असते. लाकडाची सवय असलेले गवंडी ठासतात.

बाहेर उघडणाऱ्या झडपेचा कोपरा घासत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. भोक मोठं झालं असेल आणि स्क्रू नुसता फिरत असेल तर तेवढ्याच जाडीचा पण लांब स्क्रू लावा, तो आतल्या पोलादी पट्टीत धरला पाहिजे. नुसत्या प्लास्टिकमध्ये तो फार दिवस राहत नाही. तरीही झडप लोंबत असेल तर काचेखालच्या चिपा सरकलेल्या असतात. काच चौकटीत या चिपांवर तिरकी तोललेली असते, तीच झडपेला काटकोनात धरते. हे काम मात्र माहितगाराकडून करून घ्यावं. मूठ सैल झाली तर तिच्या बुडाची टोपी फिरवा, खाली दोन स्क्रू दिसतील. कडी लागत नसेल तर झडपेच्या कडेवरच्या खिट्या आणि चौकटीवरची त्यांची घरं समोरासमोर येतात का पाहा. बऱ्याच खिट्या एलन पान्याने थोड्या फिरवता येतात. रबरी पट्टी कोपऱ्यात आखडली असेल तर नवी बसवताना ओढून बसवू नका, ओढलेली पुन्हा आखडते. आणि रॉकेल, थिनर, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही या खिडकीला लावू नका. साबणाचं पाणी पुरे. काच दुहेरी असेल आणि दोन काचांच्या मध्येच वाफ धरली असेल तर कोणी ‘दुरुस्त करतो’ म्हणून पैसे मागितले तरी देऊ नका. ती काचेची जोडी बदलावीच लागते.

एवढं सगळं एका स्क्रू ड्रायव्हरचं, एका पान्याचं आणि खराट्याच्या हिरीचं काम आहे. मग आमच्या मैत्रिणीने, शिकलेल्या, तहसीलदारांशी भांडणाऱ्या बाईने, ते का केलं नाही? तिला विचारलं तर म्हणाली, “हात लावला आणि मोडली तर? खिडकी त्यांनी बसवलीय.” त्यांनी! पैसे तिच्या शिलाईचेही होते.

घर बांधणं आणि घर दुरुस्त करणं हे ‘काम’, त्याला मजुरी. घर पुसणं, पिळणं, वाळवणं ही ‘सवय’, तिला काही नाही. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवताना आढळल्या, आणि घरकाम करतो म्हणणारे पुरुष 97 मिनिटं. गळक्या खिडकीखालची फडकी त्या 299 मध्येच येतात. पुणे, शिरवळ, मुंबईला नोकरीला असलेल्या नवऱ्याला शनिवारी घरी आल्यावर खिडकी कोरडीच दिसते, कारण ती पुसलेली असते. दुरुस्तीची घाई त्याला का वाटावी?

एकट्या राहणाऱ्या बाईचं आणखी वेगळं. खुर्ची लावून झोपणारी ती मैत्रीण विधवा आहे. कडीसाठी अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर शेजारचं कोणी येऊन बसलं पाहिजे, नाहीतर गावात बोलणं होतं. तिने सात महिने कडी तशीच ठेवली. तिची खिटी फिरवायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आपल्याकडे हे पहिल्यांदा घडत नाहीये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं सरकारी काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोगाच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून त्यात उतरल्या. भिंत कशी बांधायची हे बायका गवंड्याला विचारू लागल्या. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकात महिला समाख्याच्या दलित आणि कोल आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणारी बाई आणि पंप खोलणारी बाई एकच झाली.

पण इथे आमच्या मंडळात एकमत नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. एकीचं म्हणणं, शिबिरं घ्या, प्रत्येक गटाला हत्यारांची पिशवी द्या. दुसरी म्हणाली, “म्हणजे आता पुसायचंही आपणच आणि दुरुस्तही आपणच? ‘तुला येतं ना, मग तूच कर’ हे मी गॅसच्या रेग्युलेटरपासून ऐकत आले आहे.” तिचं म्हणणं खोटं नाही. आम्हाला वाटतं शिकावं, पण शेजारच्या घरची खिडकी दुरुस्त केली तर पैसे घ्यावेत. ओळखीच्यांकडूनही घ्यावेत. भोरच्या पश्चिम भागात गावोगाव अशा खिडक्या बसल्या आहेत आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याहून आणावा लागतो. पाच गावांत मिळून दोन बायका हे काम करू लागल्या तर त्यांना बारा महिने काम आहे. आणि घरच्या खिडकीपुरतं, जी स्क्रू फिरवेल तिने फडकं नवऱ्याच्या हातात द्यावं.

खिडकी दुरुस्त झाल्यावर एक गोष्ट विसरू नका. ही खिडकी नीट लागली की हवा फारशी येत नाही. पावसात चूल आत पेटवत असाल तर एक झडप बोटभर तरी उघडी ठेवा. कोंडलेल्या धुराने माणूस दगावतं. आणि आवाजही बाहेर जात नाही. जुन्या लाकडी खिडकीच्या फटींतून मारहाणीचा आवाज शेजारी ऐकू यायचा, आपण धावून जायचो. आता घट्ट लागलेल्या काचेआड काय चाललंय ते कळत नाही. गटातल्या बायकांनी आठवड्यातून एकदा तरी एकमेकींच्या घरी जाऊन बसण्याची जुनी पद्धत मध्यंतरी सुटली आहे, ती आंबवड्याच्या गटाने पुन्हा सुरू केली. जाताना पिशवीत स्क्रू ड्रायव्हर असतो. सासरच्यांना सांगायला ते कारणही बरं पडतं.

तुमच्या गावात कोणी बाई हे काम करत असेल, किती पैसे घेते, लोक देतात का, कुठे अडवलं, ते आम्हाला कळवा. पत्र पुढच्या अंकासाठी दिवाळीआधी पोहोचेल असं टाका.

– संपादक मंडळ