वजनाची वाटणी

दिवाळीनंतर धान निघालं की आमच्या कुडवा नाक्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काही राईस मिलकडे, काही आधारभूत खरेदी केंद्राकडे. त्या बघताना मला नेहमी वाटतं, की आपण ट्रॉलीत किती कट्टे भरले ते मोजतो, पण ते कुठे ठेवले याचा विचार फारसा करत नाही. आज त्यावरच थोडं लिहायचं आहे. विषय रुक्ष वाटेल, पण मंडळी, जरा धीर धरा.

आमचा धाकटा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे सुट्टीत गाडीमागे चाकांचं घर जोडून फिरायची पद्धत आहे. त्यानेही तसं एक घर घेतलं आहे. ते जोडायला एक खास जोडणी मिळते. तिचं काम वजन वाटून देण्याचं. फोनवर त्याने ती समजावून सांगितली तेव्हा मी म्हटलं, "अरे, हे तर आपल्या बंडीवाल्यांना कधीपासून ठाऊक आहे!"

बंडीला दोनच चाकं. आस हा टेकू आणि बंडी ही तरफ. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि खांदे सुजतात. म्हणून जाणता गडी आधी आसावर माल रचायचा आणि मग जू हाताने उचलून बघायचा. ते किंचित जड लागलं पाहिजे, फार नाही. चढावर हाकणारा पुढे सरकायचा, उतारावर मागे. शाळेत तरफ शिकवताना मी फळ्यावर बंडीच काढायचो. पोरांना लगेच कळायचं.

आता जरा हिशेब करू. दोनचाकी ट्रॉलीच्या आसापासून जोडणीची पिन 10 फुटांवर आहे असं धरा. 40 किलोचे 10 कट्टे, म्हणजे 400 किलो, आसाच्या 3 फूट मागे आहेत. तेच उचलून 3 फूट पुढे ठेवले, तर पिनेवरचा भार 240 किलोंनी वाढतो. ट्रॉलीचं एकूण वजन एका किलोनेही बदललं नाही, पण ट्रॅक्टरला मात्र फार मोठा फरक पडला. (चारचाकी ट्रॉलीची गोष्ट वेगळी. तिची पुढची चाकं आपला भार आपणच उचलतात.)

पिनेवर भार कमी पडला तर मागचं वाहन वेगात शेपटीसारखं डोलू लागतं. म्हणून अमेरिकेत त्या फिरत्या घराच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार जोडणीवर ठेवतात. घर 2000 किलोंचं असेल तर 200 ते 300 किलो. पण एवढा भार गाडीच्या शेपटाला लटकला की मागची बाजू दबते, पुढची उचलते, आणि वळवायचं काम करणारी पुढची चाकंच हलकी होतात. इथे ती खास जोडणी कामाला येते. तिच्यात दोन स्प्रिंगच्या दांड्या असतात. त्या ताणून बसवल्या की मागच्या चाकांवरचा काही भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि काही घराच्या चाकांवर जातो.

ती जुळवायची रीत मला फार आवडली, कारण तिला एक टेप पुरते. सपाट जागी गाडी उभी करून पुढच्या चाकावरच्या पत्र्याची जमिनीपासून उंची मोजायची. मग घर जोडून, दांड्या न लावता, पुन्हा मोजायची. ती वाढलेली दिसते. मग दांड्या ताणायच्या, साखळीची एकेक कडी आवळायची आणि पुन्हा मोजायचं. उंची मूळ आकड्याच्या जवळ आली की थांबायचं. किती जवळ, ते गाडीच्या पुस्तकात पाहायचं. जास्त आवळलं तर मागची चाकं हलकी होऊन घसरायची भीती. सामान बदललं की पुन्हा मोजायचं.

मुलगा म्हणाला ते एक वाक्य मात्र मनात राहिलं: या दांड्यांनी भार वाटला जातो, कमी होत नाही. गाडीची ताकदही वाढत नाही.

आणि माझं म्हणणं तेच आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर आला आणि सगळ्यांनी त्याची ताकद पाहिली. बैल दुखलं की थांबायचा, ट्रॅक्टर थांबत नाही. ट्रॉली पुढे जड, त्यात बांधीतून रस्त्यावर चढायचा उभा चढ, की पुढची चाकं जमीन सोडतात. काही जण तर ओढायची साखळी मागच्या आसाच्या वर, उंच जागी बांधतात. मग जोर लावला की ट्रॅक्टर मागे उलथायला वेळ लागत नाही, आणि हाकणारा खाली सापडतो. त्याच ट्रॉलीत लग्नाची वऱ्हाडंही निघतात. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. कट्टा ठेवला तिथे राहतो, वऱ्हाडी मात्र वळणावर एका बाजूला झुकतात.

यावर कायदा हवाच, पण त्याआधी ज्ञान हवं. ट्रॉली विकणाऱ्याने आस कुठे आहे याची ठळक रेघ बाजूच्या फळीवर मारून द्यावी. कृषी मेळाव्यात बियाणं-खतांबरोबर अर्धा तास माल भरण्यावर द्यावा. आणि शिक्षक बंधूंनो, तरफ पुस्तकातून शिकवू नका, पोरांना अंगणात न्या.

2021 साली आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या नागझिऱ्याच्या वाटेवर अशी जोडलेली घरं दिसूही लागतील. त्यांच्या मालकांना टेप घेऊन मोजायला कोणीतरी शिकवीलच. पण धान वाहणाऱ्या पोराला कोण शिकवणार? बंडी हाकलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. तुमच्या घरात असं कोणी असेल तर या दिवाळीत जरूर विचारा.