सनद काढून घ्याल; पण माणसाचे काय?

वकील नशेत न्यायालयात उभा राहिला तर ते गैरवर्तन होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्याच्या एका चुकलेल्या तारखेपायी कुणाचा जामीन लांबतो, कुणा कामगाराचा दावा गैरहजेरीमुळे फेटाळला जातो, कुणा कुळाची जमीन जाते. धनिक पक्षकार दुसऱ्या दिवशी दुसरा वकील उभा करतो. गरिबाला ती सोय नाही. म्हणूनच वकिलांचे व्यसन व मनोविकार हा आमच्या दृष्टीने बार रूममधील कुजबुजीचा विषय नसून न्यायाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपला कायदा काय उत्तर देतो? १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ पाहा. तक्रार फेटाळावी, समज द्यावी, काही काळ वकिली बंद करावी अथवा नाव पटावरून काढून टाकावे. शिस्तपालन समितीपुढे एवढेच चार मार्ग. उपचाराचा पाचवा मार्ग या कलमाला ठाऊक नाही. परिणाम उघड आहे. आजारी वकील आजार लपवतो. सहकारी ‘त्याचा खाजगी मामला’ म्हणून डोळेझाक करतात. आणि तक्रार होईपर्यंत पक्षकाराचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. या मौनाला व्यावसायिक बंधुभाव म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

दुबळ्या मनाची माणसेच पितात, असे सांगून काही ज्येष्ठ मंडळी हात झटकतात. आम्हाला हे मान्य नाही. अमेरिकेतील सुमारे १३ हजार वकिलांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील २०.६ टक्के वकिलांचे मद्यपान घातक स्वरूपाचे आढळले, २८ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे दिसली; आणि अशा मद्यपानाचे प्रमाण वकिलीच्या पहिल्या १० वर्षांत सर्वाधिक होते. पाचांतील एक जण जेव्हा या वाटेला लागतो, तेव्हा दोष केवळ माणसात शोधायचा, की व्यवसायाच्या रचनेतही? आपल्याकडे कितीतरी नवे वकील ज्येष्ठांच्या कचेरीत नाममात्र पैशांवर राबतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली कनिष्ठांना शहरात दरमहा २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हे. पोटाचा प्रश्न आणि मनाचा प्रश्न असे वेगळे काढता येत नाहीत.

अमेरिकेच्या भांडवली व्यवस्थेचे आम्ही पाईक नाही. तरी तेथील वकील संघटनेच्या नमुना नियमांतील एक तरतूद घेण्याजोगी आहे. सहवकिलाचे गंभीर गैरवर्तन कळवणे हे त्या नियमांनुसार कर्तव्य आहे. मात्र मान्यताप्राप्त साहाय्य योजनेत काम करताना कळलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. मदत मागणाऱ्याला भय नाही आणि गैरवर्तनाला अभयही नाही. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहेच.

तेव्हा प्रत्येक राज्य बार कौन्सिलने शिस्तपालनापासून पूर्णतः अलग अशी गोपनीय साहाय्य यंत्रणा उभारावी. आजारी वकिलाची प्रकरणे पक्षकाराच्या संमतीने सांभाळणारे सहकारी जिल्हावार नेमावेत. कनिष्ठांचे विद्यावेतन सक्तीचे करावे. एवढे करूनही जो उपचार नाकारून पक्षकाराला बुडवील, त्याच्यावर कलम ३५ खुशाल चालवावे.

आमच्या चळवळीतील वकील साथींनी आरंभ आपल्याच बार रूमपासून करावा. शेजारचा साथी कोसळताना पाहून जो गप्प बसतो, तो उद्या कोणत्या तोंडाने अन्यायाविरुद्ध युक्तिवाद करणार?