पडद्यावरचा खोटा खोकला

नायिकेला खोकल्याची उबळ येते. ती पांढराशुभ्र रुमाल तोंडाला लावते, रुमालावर रक्ताचा लालभडक थेंब उमटतो, व्हायोलिन विव्हळू लागते आणि डॉक्टर चष्मा काढून नकारार्थी मान हलवतात. पुढच्या दृश्यात तिचे ताट-वाटी वेगळे झालेले असते, लेकरू तिच्या कुशीतून ओढून नेलेले असते. पिढ्यान् पिढ्या हेच दृश्य आपल्या चित्रपटांनी, नाटकांनी आणि मालिकांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी वापरले. हे दृश्य पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत खोटे आहे! या खोटेपणाची किंमत ना लेखक मोजतो, ना निर्माता. ती मोजते क्षयाचे निदान होताच माहेरी धाडलेली सून, आणि नोकरी जाईल या धास्तीने खोकला लपवणारा कामगार.

सत्य काय आहे? क्षयाच्या बहुतेक रुग्णांच्या खोकल्यात रक्त नसतेच. दोन आठवडे न हटणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन अशी साधी, अंगावर काढली जाणारी त्याची लक्षणे आहेत. रक्त पडले म्हणजेच क्षय, हे पडद्याने मनावर ठसवले. म्हणून ज्याचा रुमाल कोरडा तो निर्धास्त राहतो आणि महिनोन् महिने घरातल्यांना जंतू वाटत फिरतो. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. भांडी वेगळी करून काडीचाही उपयोग नाही. उपयोग आहे तो उघड्या खिडकीचा, बेडक्याच्या तपासणीचा आणि वेळेवर सुरू केलेल्या गोळ्यांचा. हाडांचा किंवा गाठींचा क्षय तर दुसऱ्याला लागतही नाही. योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. आणि रुग्णाला घरातून बाहेर काढण्याची गरज नाही, हे जगाला शिकवले कोणी? आपल्याच देशाने! 1956 साली सुरू झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने सिद्ध केले, की घरी राहून औषधे घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना जादा धोका होत नाही. या संशोधनाच्या बळावर जगभरची सॅनेटोरियमे ओस पडली. आपल्या पटकथांतला रुग्ण मात्र अजून घराबाहेर काढला जातो आहे.

संगीतकार व्हर्दीने 1853 साली ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा रंगभूमीवर आणला आणि त्यातली व्हियोलेता क्षयाने गेली. त्याला दोष कोण देईल? रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तोच मुळी 1882 साली. पण क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडले. सहा महिन्यांच्या उपचाराने हा रोग बरा होतो, आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हे सारे माहीत असण्याच्या काळात जो लेखक रुमाल लाल करून मोकळा होतो, त्याला अज्ञानाची सबब नाही. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण या देशात आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांनी सहा महिने नेमाने गोळ्या घेऊन बरा झालेला नायक पडद्यावर पाहिला?

क्षयाचीच ही कथा नाही. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, हा विनोद अजून हशा वसूल करतो. ती जुनी लस या देशातून कधीच हद्दपार झाली; आज लस दंडात, मोजक्या मात्रांत टोचतात. पण त्या चौदा सुयांच्या धाकाने चावा लपवणारे पोर खरे असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की मरण जवळजवळ अटळ. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, एवढे एक वाक्य जीव वाचवू शकते. ते वाक्य संवादात कधी येत नाही. येतो तो कुत्र्यासारखा भुंकणारा रुग्ण. मरणाऱ्या माणसाची याहून क्रूर थट्टा आम्हांला ठाऊक नाही.

तिसरा गुन्हा रातोरात सापडणाऱ्या औषधाचा. 1995 च्या ‘आउटब्रेक’मध्ये एक माकड पकडले जाते आणि पाहता पाहता जीवघेण्या विषाणूवरचा उतारा तयार होतो. प्रत्यक्षात काय होते? प्लेगने मुंबई हवालदिल झाली तेव्हा शास्त्रज्ञ हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये कामाला लागले आणि जानेवारी 1897 मध्ये त्यांनी लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. रात्रीचा दिवस करूनही तीन महिने लागले, आणि हाती आली ती लस होती, मरणाऱ्याला उठवणारा उतारा नव्हे. अशा झटपट उताऱ्यांवर पोसलेला समाज खरी साथ आल्यावर शास्त्रज्ञांचा संयम सहन करत नाही आणि काढ्याच्या पहिल्या भोंदू विक्रेत्याच्या पायाशी लोळण घेतो.

‘ही कथा आहे, पाठ्यपुस्तक नव्हे,’ ही पळवाट आता पुरे झाली! 2018 साली केरळातल्या कोझिकोड परिसरात निपाह विषाणू उसळला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि रुग्णाची सेवा करता करता परिचारिका लिनी गेल्या. त्या साथीवर पुढच्याच वर्षी मल्याळममध्ये ‘व्हायरस’ निघाला. कोण कोणाच्या शेजारच्या खाटेवर होते, कोण कोणत्या दालनातून गेले, याचा माग काढत जाणारा तो चित्रपट श्वास रोखायला लावतो. 2011 च्या ‘कंटेजन’ने विषाणूतज्ज्ञाला सल्लागार नेमले आणि वटवाघळापासून माणसापर्यंतची साखळी नेमकी दाखवली. सत्याने कथा मरत नाही. मरतो तो लेखकाचा आळस!

पडद्यावर सिगारेट पेटली की इशारा झळकतो. घोडा दौडला तर प्राण्यांना इजा झाली नसल्याची ग्वाही द्यावी लागते. मग जिवंत रुग्णांची बदनामी मात्र बिनबोभाट का चालावी? आम्ही सेन्सॉरची नवी कात्री मागत नाही. कात्रीने अक्कल येत नसते. आमची मागणी सरळ आहे. ज्या संहितेत संसर्गजन्य रोग असेल, ती त्या रोगाच्या जाणत्या डॉक्टराने वाचलेली असावी, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत असावे. प्रत्येक जिल्ह्यात क्षयरोग केंद्र आहे. पोशाखावर लाखो उधळणाऱ्या निर्मात्याला तिथवर जाण्याचे भाडे परवडत नाही काय? समीक्षकांनी अभिनयाला तारे वाटण्याआधी रोग खरा होता का, हे विचारावे. प्रेक्षकांनी लाल रुमालावर रडणे थांबवावे आणि वाहिनीला खडसावून पत्र लिहावे. लेखकहो, रोग्याला मारायचे की जगवायचे, हा तुमचा अधिकार. पण रोग कसा लागतो आणि कसा बरा होतो, याबाबत खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणीही दिलेला नाही!