न बघता दिलेली ट्यूब

"डॉक्टर, खाली खाज येते. तेवढी एक ट्यूब लिहून द्या." साठीच्या पुढची बाई सुनेला बाहेर बसवून हे हळूच सांगते. आणि आम्ही डॉक्टर काय करतो? मान वर न करता बुरशीची ट्यूब लिहितो. मेडिकलवाला तर चिठ्ठीसुद्धा मागत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मावशींच्या पिशवीतून अशा 9 ट्यूब निघाल्या. सहा वर्षांत त्यांना टेबलावर झोपवून कुणीच तपासलं नव्हतं. त्यांना लायकेन स्क्लेरोसस होता आणि एका बाजूला न भरणारी जखम. बायोप्सीत कॅन्सर निघाला. लोक याला नशीब म्हणतात. मी हलगर्जीपणा म्हणतो, आणि तो आमचा.

लायकेन स्क्लेरोसस ही बुरशी नाही, गुप्तरोग नाही. तो अस्वच्छतेने होत नाही, नवऱ्याकडून लागत नाही. त्वचेला वर्षानुवर्षे दाह होत राहतो. ती पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते, चिरते. रात्री खाजेने झोप लागत नाही. पुढे आतले ओठ नाहीसे होतात, योनीचं तोंड अरुंद होतं. पाळी गेलेल्या बायकांत हा जास्त दिसतो, पण लहान मुलींनाही होतो. पुरुषांत शिश्नाची कातडी मागे सरकेनाशी होते. कोड समजून गप्प बसणारेही पुष्कळ. पण कोडात त्वचेचा पोत बदलत नाही.

घाबरवायचं नाही, म्हणून आकडा सांगतो: हा आजार असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होत नाही. उपचार नसतील तर साधारण 100 पैकी 2 ते 5 जणींना होतो. ऑस्ट्रेलियात 507 बायकांवर सरासरी पावणेपाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष 2015 साली छापून आले. मलम नियमित लावणाऱ्या 357 जणींत एकीलाही कॅन्सर झाला नाही. टाळाटाळ करणाऱ्या 150 जणींत 7 जणींना कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल आढळले. या एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नक्कीच नाही.

हे मलम म्हणजे क्लोबेटासोल, कडक स्टिरॉइड. इथे व्हॉट्सअॅपवरचे विद्वान जागे होतात: "स्टिरॉइड? लगेच बंद करा!" गोरं होण्यासाठी तोंडाला स्टिरॉइड चोपडण्याविरुद्ध मी स्वतः बोलत आलोय. पण या आजारात तेच औषध आहे. निदान करून, थोडंसं, पहिले तीन महिने ठरल्याप्रमाणे आणि पुढे आठवड्यातून एक-दोनदा देखरेखीखाली लावायचं असतं. गंमत अशी की दुकानातल्या बुरशी-जंतू-खाज अशा तिहेरी ट्यूबमध्येही बऱ्याचदा हेच स्टिरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, ट्यूब संपते, आजार आत चालूच राहतो. निदान मात्र लांबतं.

खाज थांबली म्हणून मलम सोडू नका. महिनाभरात न भरणारी जखम, गाठ किंवा जाड खरखरीत चट्टा दिसला तर बायोप्सीबद्दल विचारा. आणि डॉक्टर न तपासताच चिठ्ठी लिहायला लागले, तर सरळ म्हणा: "आधी बघा."