मुठीतील धान्य

1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार होता. त्या धान्यावर सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवली. बहारीनमधील आपली विद्यार्थी मंडळी आज तांदूळ, डाळ, तेल गोळा करून पगार थकलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचवितात, याचे आम्हांस कौतुक आहे. मात्र घेणाऱ्याचे छायाचित्र काढण्याची हौस (ती मोठ्यांनाच अधिक!) थांबली पाहिजे. ज्याची मजुरी अडवून ठेवली गेली आहे, तो याचक नव्हे. पिशवी देताना मुलांनी थकलेल्या महिन्यांची नोंद करून घ्यावी, तक्रारीचा अर्जही लिहून द्यावा. शाळेत अरबी शिकणारी मुले आपल्या घरांत आहेतच.