पुस्तकी किंमत शून्य

हिंगोली जिल्ह्याच्या भूमीत कोळसा नाही. वर काळी माती आणि खाली काळाच बेसाल्ट, एवढीच येथील भूगर्भाची मिळकत. तरीही एके काळी या भागाचा व्यवहार कोळशाच्या आधाराने चालत असे. निजामाच्या राज्यात येल्लंदूजवळ १८७१ मध्ये विल्यम किंग या भूशास्त्रज्ञाने कोळशाचा थर शोधून काढला आणि १८८९ पासून तेथे खाणकाम सुरू झाले. त्याच सुमारास निजामाच्या रेल्वेचा एक फाटा या सिंगरेणीच्या खाणींपर्यंत गेला. मनमाडकडे जाणारी मीटरगेज वाट त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झाली आणि पुढे तिच्यावरील पूर्णा जंक्शनातून हिंगोलीला फाटा फुटला. कापसाच्या या पेठेत रेल्वे आली ती वाफेच्या इंजिनाने. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतील रेचे आणि दाबयंत्रेही त्या काळी वाफेवरच फिरत. आडत, जिनिंग आणि रुईचा व्यापार यांत मराठवाड्यातील कितीतरी जैन घराण्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, हे या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

यांपैकी आज काय उरले आहे? पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. सोय मोठी झाली आणि त्याविषयी कोणी खेद करण्याचे कारण नाही. मात्र अरुंद रूळ, जुने सिग्नल, इंजिनात पाणी भरण्याचे लोखंडी स्तंभ यांची गरज सरली की त्या वस्तू केवळ लोखंड म्हणून उरतात. बंद जिनिंगचेही तसेच. जागेला भाव येतो, पत्र्यांचे भंगार होते, आणि विटांचे उंच धुराडे एखाद्या दिवशी दोर लावून पाडले जाते.

हिशेबाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. यंत्र घेतल्यापासून दरवर्षी घसारा धरला जातो, पुस्तकी किंमत उतरत उतरत शून्यावर येते, किंवा नोंद जिवंत राहावी एवढ्यासाठी एक रुपया ठेवला जातो. विक्री झाली की तो रुपयाही खतावणीतून निघतो. अडचण एवढीच की ज्या दिवशी वस्तूची व्यापारी किंमत संपते, त्याच सुमारास तिची दुसरी किंमत सुरू होते, आणि त्या किमतीसाठी कोणत्याही वहीत रकाना नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षांची अट घालतो. औंढा नागनाथाच्या मंदिराला ती अट सहज पुरी करता येते. स्वातंत्र्यानंतर बांधलेला हिंगोली-अकोला-खांडवा लोहमार्ग तिच्यात बसत नाही, आणि बसण्याइतका काळ कोणी तो ठेवणारही नाही.

ही अडचण इतरांनाही आली होती. जर्मनीत बर्न्ड बेखर हा तरुण चित्रकार आपल्या मुलखातील खाणींची रेखाचित्रे काढीत असे. एक चित्र पूर्ण होण्यापूर्वीच समोरची खाण मोडीत निघू लागली, तेव्हा निरुपायाने त्याने कॅमेरा हाती घेतला. १९५९ पासून पत्नी हिला हिच्यासह त्याने खाणींच्या तोंडावरील पाळण्याचे मनोरे, पाण्याच्या टाक्या आणि झोतभट्ट्या टिपण्यास आरंभ केला, आणि हे काम दोघांनी पुढे अनेक दशके चालविले. त्यांची रीत एखाद्या दक्ष लेखापरीक्षकासारखी होती. आकाश ढगाळ असावे, म्हणजे सावल्या पडत नाहीत. कॅमेरा मोठा आणि पुरेशा उंचीवर असावा. वास्तू समोरून आणि सबंध दिसावी. आणि एकाच प्रकारच्या वास्तू शेजारी शेजारी मांडाव्यात, म्हणजे साम्य आणि भेद आपोआप दिसतात. त्या चित्रांत उदास मावळती नाही, धुक्यातले गूढ नाही. पडक्या जागांची छायाचित्रे काढणाऱ्या आजच्या हौशी मंडळींनी हा संयम अवश्य पाहावा. डॉर्टमुंड येथील त्सोलर्न खाणीचे यंत्रगृह १९६९ च्या सुमारास पाडले जाणार होते. ते वाचविण्यासाठी झालेल्या खटपटीत बेखर दांपत्याचा सहभाग होता. ते वाचले, आणि आज तेथे संग्रहालय आहे. एसेन येथील त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये बंद पडली व २००१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली.

महाराष्ट्रातील उदाहरण वरोऱ्याचे. चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी १८७० च्या दशकात सरकारी कोळसाखाण चालू होती आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेण्यात आली. १९०६ मध्ये खाण बंद झाली. आज वरोरा म्हटले की बाबा आमट्यांचे आनंदवन डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. पण याच गावात एके काळी माणसे जमिनीखाली उतरून कोळसा काढीत, हे किती जणांस ठाऊक असते?

बंद खाणीचे चित्रण करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आत जाऊ नये. जुन्या बोगद्यात प्राणवायू कमी झालेला असतो आणि त्याला वास नसतो. छत केव्हा सुटेल याचा नेम नसतो. तोंडाबाहेरून, परवानगी घेऊन, जे दिसते तेवढेच टिपावे. जमिनीखालचे काम पाहण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी नागपूर जिल्ह्यात सावनेर येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाण पर्यटनाची सोय केलेली आहे.

कधी कधी एखादी वास्तू सोडून देणे हेच इष्ट असते. हिंगोलीची मीटरगेज गाडी अकोल्यापुढे मेळघाटात शिरे, तेव्हा धूळघाटजवळ चढ सौम्य करण्यासाठी रूळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडून जात. अकोला-खांडवा मार्गावरील ही गाडी २०१७ च्या आरंभी बंद झाली, आणि वाघांच्या अरण्याला बाधा पोहोचू नये म्हणून रुंद मार्ग जंगलाबाहेरून नेण्याचे ठरले. निष्पाप जीवांचा विचार झाला, याचे समाधान कोणत्याही जैन कुटुंबाला वाटेल. वळसा मात्र आता चित्रांतच राहील. प्रवाशांनी खिडकीतून काढलेली छायाचित्रे जेथे असतील तेथून गोळा करण्याचा काळ हाच आहे. आणखी वीस वर्षांनी ती कोणाच्या जुन्या मोबाइलमध्ये होती, हेही सांगता येणार नाही.

याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. उद्याच्या यंत्रासाठी एवढी तजवीज होते, तर कालच्या यंत्राची निदान नोंद व्हावी.

ज्या घरात बंद जिनिंगच्या वाटण्या अडल्या आहेत किंवा विक्रीची बोलणी चालू आहेत, त्या घरासाठी हे काम दोन दिवसांचे आहे. वाटणी कशी करावी हा घरचा प्रश्न. पण सौदा होण्यापूर्वी भावंडांनी एकदा एकत्र कारखान्यात जावे. धुराडे, बॉयलरचे घर, रेच्यांची रांग, वखार, काट्याची खोली यांची समोरून छायाचित्रे काढावीत. प्रत्येक चित्राखाली जागा, दिनांक आणि त्या ठिकाणी कोणते काम होई ते लिहावे. तेथे राबलेला एखादा वृद्ध फिटर किंवा हमाल गावात असेल, तर त्याला सन्मानाने बोलावून बरोबर घ्यावे. कोणता पट्टा कोणत्या चाकावर चढे हे मालकापेक्षा त्यालाच अधिक आठवत असते, आणि त्याचे नावही त्या कागदावर यावे. रोजकीर्द, खतावणी आणि हजेरीपत्रके रद्दीत घालू नयेत. चित्रांची एक प्रत घरी, एक गावच्या वाचनालयात ठेवावी. आणि बॉयलरवरील पितळी पाटी, जिच्यावर बनविणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले असते, ती सर्वांत आधी टिपावी. भंगारात पितळेला लोखंडापेक्षा भाव अधिक, म्हणून पहिल्याच दिवशी तीच उचकटली जाते.